डिकन्सच्या रात्री

चार्ल्स डिकन्सचा दिवस कसा जात असे, हे त्याच्या चरित्रकारांनी जवळजवळ घड्याळ लावून लिहून ठेवले आहे. सकाळी नऊच्या सुमारास तो टेबलाशी बसे, तो दोनपर्यंत. मग तीन तास पायी भटकंती. घरातली प्रत्येक वस्तू ठरल्या जागी हवी, मुलांच्या खोल्या टापटीप हव्यात, जेवणाची वेळ चुकता कामा नये. पंधरा कादंबऱ्या (शेवटची अर्धवट), साप्ताहिकांचे संपादन, दहा मुले, नाटके, जाहीर वाचने, हजारो पत्रे! एवढा पसारा अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात ज्याने मांडला आणि सांभाळला, तो शिस्तीचा असणारच. शाळेत ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ किंवा ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ची संक्षिप्त आवृत्ती वाचलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना हा दिवसाचा डिकन्स ठाऊक असतो.

मला कुतूहल आहे ते त्याच्या रात्रींचे. या माणसाला झोप नीट लागत नसे. प्रवासात तो होकायंत्र बाळगी आणि उतरेल तिथे पलंग फिरवून, डोके उत्तरेला करून झोपे, असे सांगतात. (आपल्याकडच्या आज्यांनी त्याला तसे मुळीच झोपू दिले नसते!) झोप लागली की स्वप्ने पडत, आणि ती बहुधा जुन्या काळातली असत. झोपेत आठवणींचे काय होते आणि त्याचा माणसाच्या मनःस्वास्थ्याशी काय संबंध असतो, यावर आज जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधन चालू आहे. डिकन्सने तोच विषय स्वतःवर भोगला आणि, लेखक असल्यामुळे, टिपूनही ठेवला.

त्याचा जन्म ७ फेब्रुवारी १८१२ रोजी पोर्ट्समथला झाला. वडील जॉन डिकन्स नौदलाच्या पगार-कचेरीत कारकून. गोड बोलणारा, हौशी आणि खर्चाला मोकळा माणूस. १८२२ मध्ये कुटुंब लंडनला आले आणि देणी अंगावर आली. १८२४ च्या फेब्रुवारीत, बाराव्या वाढदिवसानंतर दोनच दिवसांनी, चार्ल्सला टेम्स नदीकाठच्या एका बुटपॉलिशच्या कारखान्यात कामाला लावले गेले. पॉलिशच्या भांड्यावर आधी तेलकट कागद बसवायचा, त्यावर निळा कागद, मग दोऱ्याने बांधायचे, कडा कातरायच्या आणि वर छापील चिठ्ठी डकवायची. आठवड्याला सहा-सात शिलिंग मजुरी. पडक्या इमारतीच्या तळघरात उंदरांचा सुळसुळाट. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत वडिलांना कर्जापायी अटक होऊन मार्शलसीच्या तुरुंगात नेण्यात आले. पुढे आई आणि धाकटी भावंडेही तिथेच राहायला गेली. चार्ल्स मात्र बाहेर, परक्या घरी.

कर्ज किती? चाळीस पौंड दहा शिलिंग, आणि तेही एका पाववाल्याचे. बँकेच्या नोकरीत थकबाकीदारांची बरीच कागदपत्रे माझ्या हाताखालून गेली. पण ऋणकोला कोंडून ठेवायचे आणि मग त्याच्याकडून पैशाची वाट पाहायची, हा हिशेब कोणत्या खतावणीत बसतो ते मला अजून उमगलेले नाही.

मे महिन्याच्या अखेरीस वडील सुटले. पण मुलगा कारखान्यातच राहिला. कारखाना नव्या जागेत गेला, तेव्हा पोरांना उजेडासाठी खिडकीशी बसवीत आणि रस्त्यावरची माणसे त्यांच्या हातांची चलाखी पाहायला थांबत. शेवटी वडिलांचे कारखान्यातल्या नातलगाशी भांडण झाले आणि चार्ल्सची सुटका झाली. आईने मात्र भांडण मिटवून त्याला परत पाठवायची खटपट केली. ती गोष्ट तो जन्मभर विसरला नाही.

या सगळ्याबद्दल घरात पुन्हा एक अक्षर निघाले नाही. वडील बोलले नाहीत, आई बोलली नाही, मुलगाही नाही. कित्येक वर्षे स्ट्रँडवरून जाताना तो पॉलिशच्या दुकानाजवळ रस्ता ओलांडून पलीकडे जाई, कारण बाटल्यांच्या बुचांना लावायच्या लुकणाचा वास त्याला सोसत नसे. १८४७ च्या सुमारास जॉन फॉर्स्टर या जिवलग मित्राने सहज एक प्रश्न विचारला, डिकन्स काही क्षण गप्प झाला आणि काही आठवड्यांनी त्याने सारे सांगितले, लिहूनही दिले. त्या टिपणात तो कबूल करतो की कीर्ती मिळाली, संसार झाला, तरी स्वप्नात आपल्याला बायको-मुले असल्याचे आपण विसरतो, आपण मोठा माणूस झालो हेही विसरतो, आणि त्या दिवसांतच एकटे भटकत राहतो.

आता थोडे शास्त्राकडे वळू. झोप म्हणजे मेंदूची सुट्टी, अशी समजूत बराच काळ होती. १९२४ मध्ये जेंकिन्स आणि डॅलनबाख या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की काही पाठ करून जागे राहिले तर जेवढे विसरते, त्यापेक्षा झोपल्यावर कमी विसरते. १९५३ मध्ये शिकागोत ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी पापण्यांआड बुबुळे वेगाने फिरतात ती झोपेची अवस्था वर्णन केली. ठळक स्वप्ने बहुधा तेव्हा पडतात. १९९४ मध्ये विल्सन आणि मॅकनॉटन यांना आढळले, की उंदराच्या मेंदूतल्या ज्या पेशी दिवसा जागा धुंडाळताना एकत्र चेतल्या होत्या, त्याच रात्री गाढ झोपेत पुन्हा एकत्र चेततात. दिवसाची उजळणीच ती! हिप्पोकॅम्पस नावाच्या भागातली ताजी नोंद हळूहळू मेंदूच्या बाह्य थरांत मुरते, जुन्या नोंदींशी जुळवली जाते. बँकेतल्या माणसाला हे चटकन समजते. दिवसभर रोजकीर्दीत टिपायचे आणि काउंटर बंद झाल्यावर खतावणीत चढवायचे.

पण भीतीची, दुःखाची, अपमानाची नोंद असेल तर? स्वप्नांच्या त्या झोपेत मेंदूतले नॉरॲड्रेनलिन हे धोक्याची घंटा वाजवणारे द्रव्य जवळजवळ थांबलेले असते. त्यावरून मॅथ्यू वॉकर आदी संशोधकांनी असा तर्क मांडला, की घंटा बंद असताना आठवण उलगडली गेली तर प्रसंग लक्षात राहतो आणि त्याचा डंख मात्र बोथट होतो. सगळे प्रयोग याच बाजूने साक्ष देतात असे नाही. तरीही, झोप बिघडलेल्या माणसाला नैराश्य गाठण्याचा संभव वाढतो, आणि मोठ्या आघातानंतर दुःस्वप्नांनी झोप वारंवार तुटत राहिली तर माणूस त्यातून बाहेर यायला वेळ लागतो, एवढे डॉक्टर मंडळी आता मानतात. तबकडीवर सुई अडकावी आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजावी, तसे होते.

डिकन्सच्या बाबतीत सुई दोनदा अडकली. एकदा ती सुटली, एकदा नाही.

मेरी हॉगार्थ ही त्याची धाकटी मेव्हणी, डिकन्स पती-पत्नींच्या घरी ती असे. ६ मे १८३७ च्या रात्री तिघे नाटकाहून परतली. मेरी आपल्या खोलीत गेली आणि एकाएकी तिला बरे वाटेनासे झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने डिकन्सच्या मिठीत प्राण सोडला. ती सतरा वर्षांची होती, तो पंचवीस. ‘पिकविक’ आणि ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ दोन्ही तेव्हा क्रमशः चालू होत्या. त्या महिन्यात दोन्हींचे हप्ते चुकले. मृत्यूच्या शोकामुळे त्याचे लेखन थांबल्याची अशी दुसरी वेळ त्याच्या आयुष्यात नाही. तिच्या बोटातली अंगठी त्याने स्वतःच्या बोटात घातली ती कायमची.

आणि मग ती रोज रात्री स्वप्नात येऊ लागली. कधी जिवंत, कधी नुसती छाया. महिनोन्‌महिने एकही रात्र चुकली नाही, असे त्याने पुढे सासूबाईंना लिहिले. ही स्वप्ने भयानक नव्हती, तो त्यांची वाट पाहत झोपी जाई. पण पत्नीला त्याने सांगितले नव्हते. १८३८ च्या हिवाळ्यात ‘निकोलस निकलबी’साठी यॉर्कशरच्या बदनाम शाळा पाहायला तो गेला असताना तिथून पत्नीला पाठवलेल्या पत्रात त्याने प्रथमच या स्वप्नांचा उल्लेख केला. त्या दिवसापासून स्वप्ने थांबली!

चरित्रकारांनी या प्रसंगाचे प्रेमाच्या अंगाने बरेच अर्थ लावले आहेत. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: सांगितले आणि थांबले. शिकागोच्या रोझलिंड कार्टराइट या संशोधक बाईंनी घटस्फोटातून जाणाऱ्या माणसांची स्वप्ने प्रयोगशाळेत टिपून घेतली. जे खचलेले होते, त्यांतले ज्यांना सोडून गेलेल्या जोडीदाराची स्वप्ने पडत, ते वर्षभरात अधिक सावरलेले आढळले. म्हणजे तशी स्वप्ने हे दुखण्याचे लक्षण असेलच असे नाही. दुखणे भरून येत असल्याचीही ती खूण असू शकते. १९८० च्या दशकात जेम्स पेनेबेकर यांनी माणसांना मनातले दडलेले दुःख सलग काही दिवस कागदावर उतरवायला लावले आणि पुढे त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झालेल्या पाहिल्या. यॉर्कशरच्या त्या पत्रामुळेच डिकन्सची स्वप्ने थांबली, असे छातीठोकपणे कोण सांगणार? त्याला स्वतःला मात्र संबंध दिसला होता आणि तेरा वर्षांनंतरही तो त्याचा विचार करत होता.

मेरी पुन्हा एकदा आली ती १८४४ मध्ये, जिनोआत. निळ्या वस्त्रातली, चित्रातल्या माता मेरीसारखी एक आकृती त्याला दिसली आणि तो रडतच जागा झाला. दुसरा कोणी असता तर त्याने दृष्टान्त म्हणून मिरवले असते. डिकन्सने सकाळी उठून कारणे शोधली. झोपण्याच्या खोलीत जुनी वेदी होती, तिच्या वर पूर्वी धार्मिक चित्र लावल्याची खूण होती. त्या चित्रात चेहरा कोणाचा असेल याचा त्याने आदल्या दिवशी विचार केला होता. रात्री मठाच्या घंटा कानांवर पडल्या होत्या. स्वप्नांच्या अर्थावरचा फ्रॉइडचा ग्रंथ यायला तेव्हा पंचावन्न वर्षे अवकाश होता.

त्याच जिनोआत एमिल द ला रू या बँकरच्या पत्नीला रात्री झोप येत नसे, कोणा भुताचा भास होई, अंगाला झटके येत. लंडनमध्ये डॉ. जॉन एलियटसन यांचे मेस्मेरिझमचे प्रयोग डिकन्सने पाहिले होते. आता तो स्वतःच वैद्य बनला. रात्री-अपरात्री जाऊन तिला निद्रावस्थेत नेई आणि त्या भासाबद्दल बोलते करी. तिला काही काळ खरोखर झोप लागू लागली. त्याच्या पत्नीला मात्र हे उपचार आवडले नाहीत. मी तिला दोष देणार नाही.

१८५१ मध्ये डॉ. थॉमस स्टोन यांनी डिकन्सच्या साप्ताहिकासाठी स्वप्नांवर लेख पाठवला. संपादक या नात्याने डिकन्सने त्यांना जे सविस्तर उत्तर धाडले, ते आजही निद्रातज्ज्ञांनी वाचावे असे आहे. दिवसभर मनात घोळणारा विषय जसाच्या तसा स्वप्नात क्वचितच येतो, आला तर रूपकाच्या वेषात, असे त्याचे निरीक्षण. आपली स्वप्ने वीस वर्षांपूर्वीची असतात. लग्नाला चौदा वर्षे झाली, नऊ मुले झाली, तरी ही माणसे स्वप्नात दिसल्याचे आठवत नाही, हेही त्याने लिहिले. मेरीच्या स्वप्नांची गोष्टही त्या पत्रात आहे.

पत्र फेब्रुवारीतले. ३१ मार्चला वडील गेले, १४ एप्रिलला आठ महिन्यांची मुलगी डोरा गेली. त्या वसंतात त्याची झोप पार उडाली असावी. कारण १८६० मध्ये त्याने रात्रीच्या भटकंतीवर जो निबंध लिहिला, त्यात कोणत्याशा दुःखद प्रसंगानंतर मार्च महिन्यात आपल्याला झोप येईनाशी झाली आणि आपण सलग काही रात्री लंडनभर चालत राहिलो, असे तो सांगतो. अंथरुणात तळमळत पडण्यापेक्षा साडेबाराला बाहेर पडायचे आणि साडेपाचला परतायचे. वॉटर्लू पूल, न्यूगेटचा तुरुंग, पहाटे कॉव्हेंट गार्डनच्या बाजारातली कॉफी. वाटेत बेथलेहेमचे वेड्यांचे इस्पितळ लागते. भिंतीपाशी तो थांबतो. त्याला वाटते, आत जे झोपलेत त्यांच्यात आणि बाहेरच्या शहाण्यांत रात्रीपुरता फरक तो काय? मेलेल्यांशी बोलणे, स्थळकाळाचा घोटाळा, राजेरजवाड्यांशी दोस्ती. शहाणा माणूस रोज रात्री हेच करतो आणि सकाळी विसरतो. मनोरुग्णांना साखळदंडाने बांधण्याची आठवण लोकांत ताजी होती, त्या काळातले हे चिंतन आहे. त्यातली करुणा मला आजही थोर वाटते.

झोपेला तो असा चालून चालून भेटायला जाई. १८५७ च्या ऑक्टोबरात संसार मोडायच्या बेताला आला असता तो रात्री दोनला अंथरुणातून उठला आणि तीस मैल चालत गॅड्स हिलच्या घरी पोचला. पायांच्या एकसुरी आवाजात तो चालता चालताच पेंगला, आणि त्या गुंगीत एरवी विसरत चाललेली एक परकी भाषा आपण अस्खलित बोलत होतो, अशी मजेदार नोंद त्याने करून ठेवली आहे. जागेपणी कुलूपबंद असलेली पेटी झोपेत उघडते, ती अशी.

आठवण पुसून टाकता आली तर बरे, असे त्याला कधी वाटलेच नसेल असे नाही. फॉर्स्टरजवळ मन मोकळे केल्यानंतर, १८४८ च्या नाताळात त्याने ‘द हाँटेड मॅन’ ही दीर्घकथा प्रसिद्ध केली. रेडलॉ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला एक भूत वर देते: तुझ्या साऱ्या दुःखाच्या आठवणी नाहीशा होतील, आणि तू ज्याला भेटशील त्याच्याही. होते काय, तर दुःखाबरोबर माया आटते. ज्या घरात तो पाऊल ठेवतो तिथली माणसे एकमेकांना परकी होतात. शेवटी तो वर परत घेण्यासाठी गयावया करतो. ‘अ टेल ऑफ टू सिटीज’मधला डॉक्टर मॅनेट याच्या उलट्या टोकाला. अठरा वर्षे बॅस्टिलमध्ये काढून सुटलेला हा सज्जन माणूस मनावर ताण आला की रात्री खोलीत येरझाऱ्या घालतो, आणि मुलीच्या लग्नानंतर नऊ दिवस पुन्हा तुरुंगातला चांभार होऊन बूट शिवत बसतो. आघातोत्तर तणावाच्या विकाराला वैद्यकाच्या अधिकृत सूचीत १९८० मध्ये स्वतंत्र नाव मिळाले. डिकन्सने रोगी १८५९ मध्येच उभा केला होता. झोपेच्या आजारांच्या बाबतीत तर त्याच्या पात्राचे नावच वैद्यकात गेले. ‘पिकविक’मधला जिथे-तिथे घोरणारा लठ्ठ जो आठवतो ना? अतिस्थूलपणामुळे श्वास अपुरा पडून दिवसा झापड येणाऱ्या विकाराला १९५६ मध्ये डॉक्टरांनी पिकविकियन सिंड्रोम म्हटले.

पुढच्या वर्षांत दुःखे वाढत गेली. दुसरा मुलगा वॉल्टर लष्करात भरती होऊन हिंदुस्थानात आला होता. ३१ डिसेंबर १८६३ रोजी, बावीस वर्षांचा असताना तो कलकत्त्यात वारला, मागे कर्ज ठेवून. आजोबांचे दैव नातवाच्या वाट्याला आले. बातमी डिकन्सच्या हाती पडली ती त्याच्या बावन्नाव्या वाढदिवशी. वॉल्टरच्या कबरीवरची शिळा आता कलकत्त्याच्या साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमीत आहे.

मग ९ जून १८६५. फ्रान्सहून परतताना डिकन्स फोकस्टोनहून लंडनच्या गाडीत बसला होता. बरोबर एलेन टर्नन ही अभिनेत्री आणि तिची आई. स्टेपलहर्स्टजवळ पुलावरचे रूळ दुरुस्तीसाठी काढलेले होते. मुकादमाने वेळापत्रक चुकीचे वाचले. डबे खालच्या चिखलात कोसळले. डिकन्सचा डबा पुलाला अर्धवट लोंबकळत राहिला. दहा माणसे दगावली, चाळीस जखमी झाली. डिकन्स बाहेर पडला, जवळची ब्रँडी आणि टोपीत भरलेले पाणी घेऊन जखमींमध्ये फिरू लागला. काहींनी त्याच्या डोळ्यांदेखत प्राण सोडला. एवढे झाल्यावर तो त्या लोंबकळत्या डब्यात पुन्हा शिरला, कारण ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’च्या पुढच्या हप्त्याचे हस्तलिखित आत राहिले होते!

तो प्रसंग निभावला. नंतरचे दिवस निभावेनात. आधी आवाज गेला, हात कापू लागले. पुढे रेल्वेत बसले की एखाद्या क्षणी, काही कारण नसताना, त्याचा चेहरा पांढराफटक पडे, घाम फुटे, आणि तो बाकाच्या कडा दोन्ही हातांनी घट्ट धरी. मुलांनी हे पाहिले आहे. जलद गाड्या टाळून तो शक्यतो संथ गाड्यांनी जाई. १८६६ मध्ये त्याने ‘सिग्नल-मॅन’ ही कथा लिहिली. बोगद्याच्या तोंडाशी एकटाच राहणारा रेल्वेचा नोकर, त्याला पुन्हा पुन्हा दिसणारी आकृती, आणि प्रत्येक वेळी पाठोपाठ येणारा मृत्यू. अशा दुःस्वप्नांवर आज एक साधा उपचार करतात: जागेपणी ते स्वप्न लिहून काढायचे, त्याचा शेवट आपल्या मनासारखा बदलायचा आणि नवी आवृत्ती रोज मनात घोळवायची. डिकन्सने आपल्या कथेचा शेवट बदलला नाही. सिग्नल-मॅन गाडीखालीच जातो.

झोपेशी तडजोड करायची तर विश्रांती हवी, आणि नेमकी तीच त्याला वर्ज्य होती. १८६७-६८ च्या अमेरिका दौऱ्यात रात्र काढण्यासाठी तो अफूचा अर्क घेऊ लागला. १८६९ मध्ये ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधल्या नॅन्सीच्या खुनाचे वाचन त्याने कार्यक्रमात घातले. वाचून झाल्यावर त्याची नाडी १२० च्या वर जाई, डॉक्टर रागावत, तो पुन्हा वाची. त्या एप्रिलमध्ये डॉक्टरांनी दौरा बंद पाडला. ८ जून १८७० च्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी त्याला झटका आला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. तारीख ९ जून. स्टेपलहर्स्टला बरोबर पाच वर्षे झाली होती.

फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्राचा पहिला खंड त्यानंतर सुमारे दीड वर्षाने आला आणि बुटपॉलिशच्या कारखान्याची हकीकत इंग्लंडने प्रथम वाचली. डिकन्सचा मुलगा हेन्री याला तेव्हा एक कोडे उलगडले. १८६९ च्या नाताळात, वडिलांच्या शेवटच्या नाताळात, घरची मंडळी स्मरणशक्तीचा खेळ खेळत होती. एकाने एक नाव सांगायचे, पुढच्याने ते म्हणून स्वतःचे जोडायचे, अशी साखळी वाढवत न्यायची. पाय दुखत असल्याने डिकन्स कोचावर पडून खेळत होता. त्याची पाळी आली. त्याने सारी साखळी न चुकता म्हटली आणि शेवटी, डोळ्यांत काहीशी वेगळी चमक आणि आवाजात वेगळाच सूर आणून, स्ट्रँडवरच्या पॉलिशच्या कारखान्याचे नाव आणि घरक्रमांक तीस जोडला. त्या पत्त्याचा अर्थ कोणालाच कळला नाही. खेळ पुढे चालू राहिला.